ओवीनं गाळलेलं: पहिली कादंबरी लिहिताना कविता कशी कामी येते

बेळगावच्या वडगावात एका मागवाल्याच्या घरी मी रोज दुपारी दोनच्या सुमाराला पिग्मीला, म्हणजे रोजची बचत गोळा करायला, जाते. पन्नास रुपये, पावती, ‘बस की जरा’, ‘नको, उशीर झालाय’, की पुढचं घर. बावीस वर्षं हेच चाललंय. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात अशीच गेले तर वीज गेलेली आणि दोन्ही लूम बंद. एरवी त्या घरात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी सोप्यात कांड्यांवर सूत भरत बसलेली आज्जी स्वतःशी काय पुटपुटते ते पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं.

माझ्या गं दारावरनं, गेली यष्टी निपाणीची
खिडकीत पाठमोरी, लेक माझी का कुणाची

पिग्मीच्या पावतीच्या पाठीवर मी ते उतरवून घेतलं. माझी पहिली कादंबरी तेव्हा अडतिसाव्या पानावर आठ महिने अडून बसली होती. वडगावातल्या विणकर कुटुंबाची गोष्ट. माणसं होती, घर होतं, भांडणं तर हवी तेवढी होती, पण गाडं हलत नव्हतं. गेल्या दिवाळीत ती २४० पानांवर पुरी झाली, छापून अजून यायची आहे. तेव्हा मी काही मोठी जाणकार वगैरे नाही. पण कवितेच्या नादानं कादंबरी बिघडवायचे आणि सावरायचे असे दोन्ही उद्योग मी करून बसलेय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझी चूक अशी की कवितेत जे लिहिलेलं असतं तेच मी कादंबरीत आणायला बघत होते. सुंदर ओळ वाचली की तिच्यासारखी ओळ लिही. आज्जीच्या ओवीनं उलटं शिकवलं. त्या दोन ओळींत लेक का थांबली नाही ते नाही. भांडण झालं होतं का, कुणाशी, किती वर्षांपूर्वी, तेही नाही. आईला स्वतःची लेक ओळखू येऊ नये एवढं काय घडलं, ते तर नाहीच. ओवीला ते सांगायची गरज नव्हती. माझी २४० पानं तिथंच बसली, ओवीनं गाळलेल्या जागेत.

कविता निवडा, पण मूठभरच

कादंबरी चालू असताना कवितासंग्रहांचा फडशा पाडू नका. मी पाडला आहे. दर आठवड्याला माझ्या निवेदकाचा आवाज बदलायचा. सोमवारी एका कवीसारखा, शुक्रवारी दुसऱ्यासारखा. कादंबरी लिहून होईपर्यंत तीन झरे पुरेत: एक आपल्या मातीतला, एक जुना, एक शेजारच्या भाषेतला.

आपल्या मातीतला शोधायला बेळगावकराला लांब जावं लागत नाही. इंदिरा संत याच शहरात राहिल्या, इथल्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं. १९४६ मध्ये त्यांचे पती ना. मा. संत गेले. ‘शेला’ आला १९५१ मध्ये. त्यानंतरच्या संग्रहांतून पाऊस, संध्याकाळ, झाडं यांच्या आडून विरह बोलतो, पण आपल्यावर काय कोसळलं याची हकिकत त्या सांगत बसत नाहीत. दुःखाचा प्रसंग लिहायला बसण्यापूर्वी मी त्यांची एक कविता वाचायचे, फक्त एवढं बघायला की दुःखाचा उच्चार न करता किती चालून जातं. पुष्कळ चालून जातं. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथांत याच भागातलं बोलणं गद्यात आणलं. एकाच घरात कविता आणि गद्य दोन्ही आपल्या मातीचं, हे इथल्या नवख्या लिहिणाऱ्याला धीर देणारं आहे.

जुन्यांत माझे तुकोबा. तुम्हाला नामदेव किंवा जनाबाई जवळच्या वाटतील, त्यांना घ्या.

शेजारच्या भाषेतलं घ्या असं मी का म्हणते? आमच्या गल्लीत एक निवृत्त कन्नड मास्तर आहेत. त्यांनी मला तीन संध्याकाळी कट्ट्यावर बसून बेंद्रे ऐकवले. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, लिहिलं प्रामुख्यानं कन्नडमध्ये, आणि १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला तो कन्नड कवी म्हणून. धारवाडकडचं बोलीतलं कन्नड त्यांनी कवितेत आणलं. मला अर्धं कळत नव्हतं. पण अर्धं कळत नसताना कान नुसत्या आवाजाकडे लागतो. ओळ कुठं वळते, कुठं ठेका धरते, कुठं दम घेते हे स्वतःच्या भाषेत जाणवत नाही, कारण अर्थ मध्ये येतो. आज्जीची ओवी मास्तरांना म्हणून दाखवली तर ते म्हणाले, “आमची आई जात्यावर असंच म्हणायची. तीन ओळी असायच्या.” कन्नड बायकांची त्रिपदी आणि आपल्या बायकांची ओवी. जातं तेच, पीठही तेच.

ज्यांना शंका येते की कविता आणि कादंबरी या दोन वेगळ्या जाती, त्यांच्यासाठी: मर्ढेकरांनी कवितेबरोबर तीन कादंबऱ्याही लिहिल्या. नेमाडे आणि वसंत आबाजी डहाके यांनीही दोन्ही लिहिलं. आता कामाला लागू.

वहीची पद्धत

दोनशे पानी एक वही घ्या, रेघांची. डावीकडच्या पानावर कविता स्वतःच्या हातानं उतरवायची. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. हातानं लिहिताना ओळ जिथं तुटते तिथं पेन उचलावं लागतं, आणि कवीनं ती तिथंच का तोडली हा प्रश्न त्या उचललेल्या पेनात असतो. मग मोठ्यानं तीनदा वाचा. मी पहाटे पाणी यायच्या वेळेला वाचायचे, मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

उजवीकडचं पान प्रश्नांचं. मी पाचच ठेवले होते. कोण बोलतंय? कुणाशी? किती वाजलेत? हातात काय आहे? आणि काय सांगितलेलं नाही? पहिल्या चारांना एकेक ओळ पुरे. पाचव्यासाठी बाकीचं सगळं पान मोकळं सोडा.

आठवड्याला एक कविता. त्याहून जास्त नको. आणि ज्या दिवशी कविता वाचाल त्या दिवशी कादंबरी लिहू नका. मी रविवारी वाचायचे आणि सोमवार ते शनिवार रोज तीनशे शब्द लिहायचे. वही कपाटात, कपाटाला कुलूप. हसू नका, कुलूप खरंच लावत होते. लिहिता लिहिता वही उघडली की संध्याकाळपर्यंत पानावर दुसऱ्याच कुणाची ओळ उमटलेली असायची.

गाळलेल्याची यादी, आणि त्या यादीतून पहिलं पान

हा टप्पा नीट बघा. बाकीचे चुकले तर चालतील.

आज्जीच्या ओवीसमोरच्या पानावर मी सतरा प्रश्न लिहिले होते. त्यातले बहुतेक कुणालाही सुचतील असे होते: लेक रागावली का, जावई वाईट का, असे. ते खोडले. तीन उरले. आई त्याच वेळी दारात कशी होती? यष्टी कुणाच्याही हाताला थांबते, मग आईनं हात का केला नाही? आणि ‘माझी का कुणाची’ असं विचारणारी आई खरंच ओळखत नव्हती, की ओळखून विचारत होती?

यादी करताना कसोटी हीच लावा. ज्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं तो कथेचाही नाही. ज्याचं उत्तर द्यायला पात्राच्या लग्नापर्यंत मागं जावं लागतं, तो तुमचा.

आता तो प्रसंग मी पहिल्यांदा कसा लिहिला ते दाखवते. लाज वाटते, पण दाखवते.

“पावसाच्या सरी म्हणजे जणू आभाळाच्या मागावर विणलेलं रुपेरी वस्त्र. त्या वस्त्राआड धूसर होत जाणारी ती गाडी सुमनाबाईच्या काळजाचा एकेक धागा उसवत दूर दूर निघाली होती. डोळ्यांतल्या पुराला आता कुठलाच बांध उरला नव्हता.”

विणकराची गोष्ट, म्हणून पाऊससुद्धा मागावर चढवला. एका मैत्रिणीनं वाचून एवढंच विचारलं, “पण बाई उभी कुठं आहे?” मला सांगता आलं नाही. तीन वाक्यं झाली तरी बाईला पाय ठेवायला जागा नव्हती.

मग वहीतले ते तीन प्रश्न समोर ठेवून लिहिलं:

“निपाणीची गाडी साडेनवाला येते. सुमनाबाई नऊपासून दारात होती. पुढ्यात परात, परातीत तांदूळ. गाडी आली. थांब्यावर कुणी हात केला नाही, गाडी थांबली नाही. सुमनाबाईनं परातीतला एक खडा उचलून रस्त्याच्या बाजूला टाकला आणि पुन्हा निवडायला घेतलं. तांदूळ तिनं कालच निवडून ठेवले होते.”

यात ओवीतलं दार आणि निपाणीची गाडी एवढंच आहे. ‘पाठमोरी’ नाही, ‘लेक’ही नाही. पण ती नऊपासून दारात का आणि कालचे तांदूळ आज पुन्हा का, हे वाचणाऱ्याच्या मनात राहतं, आणि ते कळायला पान उलटावं लागतं. कादंबरीला एवढी ओढ पुरते. हा उतारा लिहायला मला नऊ दिवस लागले, पुढची चाळीस पानं दोन महिन्यांत झाली.

तुम्ही करून बघताना एक क्रम पाळा. आधी पात्राच्या हातात वस्तू द्या. मग वेळ ठरवा, घड्याळातली. मग कवितेनं गाळलेल्या गोष्टींतली एकच निवडा आणि तिचं उत्तर न देता तिच्याभोवतीचं सगळं लिहा. शेवटी कवितेतला एखादा शब्द चुकून आला असेल तर तो काढा.

वस्तू हातात असली की भाषण करावं लागत नाही

सीमाभागात लिहिणाऱ्यांना हे जास्त सांगावं लागतं. आपल्याकडे पहिली कादंबरी लिहायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस, येतोच. येणारच. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावातच भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, म्हणजे इथं साहित्य आणि सीमाप्रश्न पहिल्यापासून एकाच मांडवात बसलेत. पण वर्तमानपत्रातला अग्रलेख पात्राच्या तोंडी घातला की पात्र मरतं. माझ्या सासऱ्यांसारख्या पात्राला मी सलग चार पानं बोलायला लावलं होतं. छान बोलत होता. सभेत टाळ्या पडल्या असत्या.

कविता इथं काय करते बघा. मोठी गोष्ट एका वस्तूवर टांगते आणि गप्प बसते. मी ती चार पानं काढली आणि बसची पाटी ठेवली. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाटीवर कन्नड अक्षरं. माझ्या कादंबरीतली म्हातारी स्टँडवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, “ही कुठली गा?” चौथा माणूस सांगतो. तोवर गाडी सुटलेली असते. प्रसंग अर्ध्या पानाचा आहे, आणि सासऱ्याच्या चार पानांत जे होतं ते सगळं त्यात आहे असं मला वाटतं. नसेल तर नसेल, पण म्हातारी जिवंत आहे.

दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं असेल तर भारूड

पहिल्या कादंबरीत सगळी पात्रं लेखकासारखीच बोलतात. यावर एकनाथांच्या भारुडांइतकं रामबाण औषध माझ्या पाहण्यात नाही. नाथ जोशी होतात, वासुदेव होतात, आंधळा होतात, विंचू चावलेला माणूस होतात, आणि प्रत्येक वेळी ‘मी’ म्हणून बोलतात. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत ‘मी’ म्हणणारी बाई आहे. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी हा गैरसमज तिथं फिटतो, आणि तो फिटला की कादंबरीतल्या माणसांचीही तोंडं मोकळी होतात.

सराव सोपा आहे. जे पात्र तुम्हाला आवडत नाही त्याला दहा ओळींचं भारूड द्या. अट एकच: त्यानं कुणाकडं तरी काहीतरी मागितलं पाहिजे. माझ्या कादंबरीत सूत उधारीवर देणारा व्यापारी होता, नुसता खलनायक. त्याला बोलायला लावलं तर तो म्हणाला, रात्री गल्लीतून मागाचा आवाज आला नाही तर मला झोप लागत नाही, जरा माग चालू ठेवा. त्याचे पैसे त्या सुतात अडकलेले ना! हे मला त्याच्याबद्दल माहीतच नव्हतं. ते भारूड कादंबरीत कुठंही नाही, पण त्यानंतर तो माणूस दारात आला की मला त्याचे डोळे दिसायला लागले.

कुठं थांबायचं

प्रकरण कुठं संपवायचं हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकानं सोडवून दिला नाही, अभंगानं दिला. मोठ्या अभंगाचे चार चरण मोजा. सहा अक्षरं, सहा, सहा, आणि शेवटी चार.

सुंदर ते ध्यान
उभे विटेवरी
कर कटेवरी
ठेवोनिया

लहानपणापासून म्हणतोय आपण. पण शेवटचा शब्द ऐका. ‘ठेवोनिया’. म्हणजे ठेवून. ठेवून पुढं काय? वाक्य तिथं पुरं होत नाही, कान मात्र पुरा होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा त्यातून सुटून दोन अक्षरं आधीच थांबतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीतही तेच: तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. शेकडो वर्षं आपला कान अशा आखूड शेवटावर पोसलेला आहे, आणि आपण कादंबरीचं प्रकरण मात्र लांबलचक निष्कर्षानं संपवतो.

प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद काढा आणि त्याचं शेवटचं वाक्य झाका. प्रकरण पडतं का? माझ्या बावीस प्रकरणांपैकी सतरांत ते वाक्य नसलेलं बरं वाटलं. दोन प्रकरणांत तर शेवटचा अख्खा परिच्छेदच गेला. उरलेल्या पाचांत वाक्य राहिलं, पण आखूड करून. या कामाला दोन संध्याकाळ लागतात.

पालुपद किती वेळा

अभंगात ध्रुपद परत परत येतं आणि कीर्तनात तर बुवा ते सोडतच नाहीत. कादंबरीत तसं केलं तर वाचक पुस्तक मिटेल. पण एखादी वस्तू, एखादं दृश्य फिरून आलं तर लांब कादंबरी एका दोऱ्यात राहते. माझं पालुपद यष्टीची खिडकी. पहिल्या खर्ड्यात ती नऊ वेळा होती, शेवटी चार राहिली: पहिल्या प्रकरणात, सातव्यात, चौदाव्यात, एकोणिसाव्यात. दर वेळी तिच्यात काहीतरी बदललं पाहिजे. सातव्यात खिडकीतून आत बघणारी वेगळी बाई आहे, चौदाव्यात काच फुटलेली आहे आणि तिथं पुठ्ठा लावलाय. तेच दृश्य तसंच्या तसं परत आलं तर ते पालुपद नव्हे, विसराळूपणा.

आपली मराठी घेऊन जा

आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. “येतो, खरं जेवणार नाही.” पुण्याचा वाचक इथं अडखळतो, त्याला ‘सत्य’ ऐकू येतं. सुरुवातीला मी निवेदनातून आणि संवादातून असे सगळे शब्द काढून टाकले होते. शाळेत ‘शुद्ध लिहा’ म्हणून खाल्लेला मार आयुष्यभर पाठीवर राहतो. परिणाम असा की वडगावातला विणकर सदाशिव पेठेत राहिल्यासारखा बोलायला लागला.

बेंद्र्यांना धारवाडचं बोलणं चाललं, आज्जीच्या ओवीला ‘दारावरनं’ चाललं, मग माझ्या कादंबरीलाच का नको? तरी सरसकट ओतू नका. मी केलं ते असं. संवादात बोली पूर्ण, निवेदनात फक्त ठेका. ‘खरं’ पहिल्यांदा येईल तेव्हा ते अशा वाक्यात बसवलं की दुसरा अर्थ लागूच नये: “भूक लागलीय, खरं खावंसं वाटत नाही.” एकदा वाचकाचा कान बसला की पुढं तो अडत नाही. ‘गा’, ‘अव्वा’, ‘अक्का’ यांना तळटीप नको. कोण कुणाला हाक मारतंय ते प्रसंगातून कळतंच. निवेदन बोलीत असावं की नाही यावर माझं मत पक्कं नाही. माझ्या हातून ते ओढूनताणून झालं म्हणून मी सोडलं.

कसोटी कवितेचीच. परिच्छेद मोठ्यानं वाचा, आणि तोंड जिथं अडखळेल तिथं शब्द बदला. मनातल्या मनात वाचून हे कळत नाही.

जणू, जसं, सारखं

लाल पेन घ्या. पहिल्या चाळीस पानांतला प्रत्येक ‘जणू’ वर्तुळात पकडा. माझे एकसष्ट निघाले. कविता वाचणाऱ्याच्या गद्याला होणारा हा रोग आहे. कवितेत एक उपमा अख्खी कविता पेलते, आपण एका पानात चार घालतो आणि एकही काही पेलत नाही. मी दर दहा पानांना एक असा शिधा ठरवून घेतला. पात्रानं कविता म्हणणं, पात्र स्वतः कवी असणं, स्वप्नात कविता सुचणं, हेही काढा. फार झालंय ते.

दुसऱ्याची ओळ छापायची असेल तर

प्रकरणाच्या माथ्यावर आवडत्या कवीच्या दोन ओळी घालायचा मोह सगळ्यांना होतो. आधी हिशोब करा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबा, एकनाथ मोकळे आहेत. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या झाल्या. इंदिरा संत २००० मध्ये गेल्या, म्हणजे २०६० अखेरपर्यंत परवानगी लागेल. बेंद्रे १९८१ मध्ये गेले, तो हक्क २०४१ अखेरपर्यंत, आणि तुम्ही स्वतः केलेला मराठी अनुवाद छापायलाही परवानगी हवीच. कवीच्या मागे पहिल्यांदा छापलं गेलेलं लिखाण असेल तर वर्षं प्रकाशनापासून मोजतात. परवानगीचं पत्र कवीच्या वारसांना किंवा संग्रहाच्या प्रकाशकाला लिहावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.

परंपरेनं चालत आलेली ओवी कुणाच्या मालकीची नसते, पण ज्या बाईच्या तोंडून ऐकली तिला विचारावं. हा कायदा नाही, रीत आहे.

अडलात तर

मधल्या शंभर पानांत सगळेच अडतात. तेव्हा नवी कविता शोधू नका, वहीतली जुनीच उघडा आणि गाळलेल्याच्या यादीत खोडलेले प्रश्न परत वाचा. दोन-तीनदा त्यातलाच एक उपयोगी पडला. नाहीतर हिवाळ्यात कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर असं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या कविसंमेलनाला मागच्या रांगेत जाऊन बसा. कविता बरी-वाईट कशीही असो, मांडवातल्या बायका कुठल्या ओळीला एकमेकींकडे बघतात ते टिपा. त्या ओळीत काहीतरी गाळलेलं असतं आणि त्या दोघींना ते ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीआधी कादंबरीचं पहिलं पान घेऊन मी आज्जीकडं गेले. ती मूळची काकतीची, हायवेकडेच्या घरातली. थोरल्या लेकाकडं वडगावात नंतर आली. लूम चालू होते, म्हणून परसात बसलो. मी वाचून दाखवलं. तांदळाशी आल्यावर ती हसली. मग म्हणाली, “ती ओवी घातलीस काय गं ह्यात?”

“नाही घातली. नुसती यष्टी घेतलीय. आज्जी, तुमची लेक पाठमोरी बसली होती ना?”

आज्जीनं कांडीचं सूत तोडलं, गाठ मारली.

“पाठमोरी कुठली? बघत होती की माझ्याकडं. गाडी वळंस्तोवर बघत होती.”

“मग ओवीत पाठमोरी का?”

“बघत होती म्हणून ओवी म्हणता येती काय?”

पहिलं प्रकरण तसंच ठेवलं. एकोणिसावं पुन्हा लिहिलं.